रुमाल टाकून धरलेल्या जागा

स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा, म्हणजे ती जागा आपली. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण भलेभले तो पाळतात. रुमालावर कुणी बसत नाही. बसलाच तर "अहो, रुमाल दिसला नाही का?" एवढ्यावर निमूट उठतो. रुमालाचा मालक पाणी प्यायला गेलेला असो की दारातल्या गर्दीत अडकलेला असो, रुमाल आहे म्हणजे माणूस येणार, आणि तो येईपर्यंत जागा त्याची. या एका रिवाजाच्या भरवशावर मी माझा धंदा उभा केला आणि त्याच रिवाजाला कमी पडलो. दिवाळी अंकासाठी काहीतरी गमतीचं लिहा असं संपादकांनी सांगितलं होतं. गंमत आहे, ती सांगतोच. पण जे सांगायला बसलोय ते गमतीचं नाही.

धंदा म्हणजे मोबाईलवर खेळायचे गेम तयार करणं. आधी मी वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचो. नोकरी सोडून हर्सूल टी पॉइंटजवळच्या घरात, एका खोलीत हा उद्योग मांडला, तेव्हा सासरेबुवांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जावईबापू दिवसभर मोबाईलवर खेळत बसतात असं ऐकलं, खरंय का?" तिनं सांगितलं, "ते खेळत नाहीत, दुसऱ्यांनी खेळावं म्हणून बसतात." त्यानं सासरेबुवांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही फारसं होत नाही.

मोठ्या कंपन्या आधी भांडवल घालतात, मग गेम बनवतात, मग विकतात. माझ्यासारख्या एकांड्या माणसाकडं घालायला काही नसतं. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात करतो. अजून न झालेल्या गेमची चित्रं दाखवून लोकांना म्हणतो, थोडा हातभार लावा, मी हे पुरं करतो. लोक लावतात, हे मला अजून नवल वाटतं. त्यांना मी पाठीराखे म्हणतो. गिऱ्हाईक आणि पाठीराखा यांत फरक एवढाच, की गिऱ्हाईक वस्तू बघून घेतं आणि पाठीराखा माणूस बघून देतो. बदल्यात त्याला आपण शब्द देतो. आमच्या धंद्यात कच्चा माल म्हणतात तो हाच.

माझ्या गेमचं नाव 'फर्स्ट शिफ्टची गाडी'. कंपनीची बस सकाळी शहरातून कामगार गोळा करत वाळूजला जाते. चिकलठाण्यातून सुटायचं, मग मुकुंदवाडी, सिडको, क्रांती चौक, नगर नाका असे थांबे घेत, भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचं. बस खेळणाऱ्यानं चालवायची. कुणी डबा हलवत धावत येत असेल तर त्याच्यासाठी थांबायचं की आतल्यांची हजेरी वाचवायची, हेही त्यानंच ठरवायचं. मी अशा बसनं वर्षानुवर्षं गेलेलो, त्यामुळं कुठल्या थांब्यावर कोण उशिरा येतं ते मला पाठ होतं. पाठीराख्यांसाठी काढलेल्या योजनेचं नाव 'रुमाल टाका'. जो रुमाल टाकेल त्याची गाडीत एक सीट पक्की. त्या सीटवर त्याच्या नावाचा, त्याच्या चेहऱ्याचा प्रवासी बसणार आणि गाडीत चढताना तो त्याच्या स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलणार. नाव, चेहरा आणि आवाज, असा तीन गोष्टींचा शब्द मी दिला होता.

रुमाल भराभर पडले. गाडीत चाळीसेक सीटा आणि रुमाल त्याहून कितीतरी जास्त. शहाण्या माणसानं तिथंच योजना बंद केली असती. पण मी पडलो इथला. आपल्याकडं गाडी भरली असं कुणी म्हणत नाही, "सरका थोडं" म्हणतात. दोघांच्या सीटवर तिघं बसतात, तिसऱ्याचं अर्धं अंग बाहेर असतं, आणि पोहोचतात सगळे. मीही येईल त्याला हो म्हणत गेलो. कॉम्प्युटरला मात्र सरकणं कळत नाही. त्याच्या लेखी सीट म्हणजे एक ठरलेला बिंदू. त्या बिंदूवर दोन माणसं बसवली की ती एकमेकांच्या अंगात शिरतात. पहिल्या चाचणीत सिडकोतले एक निवृत्त मुख्याध्यापक आणि चिकलठाण्याचा रफिक नावाचा फिटर असे एका देहात बसले. हात चार, मिशी एक. मुख्याध्यापकांना मी ते हौसेनं दाखवायला गेलो. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिशी त्या गृहस्थांची असावी. मी ठेवत नाही." शेवटी सेकंड शिफ्टची दुसरी गाडी करावी लागली. म्हणजे काम दुप्पट, आणि कबूल केलेली तारीख पुढं.

एका मुलानं शेजारशेजारच्या दोन सीटा धरल्या होत्या, एक स्वतःसाठी आणि एक ठरलेल्या बायकोसाठी. दोघांचे चेहरे झाले, कपडे झाले, तिला खिडकी दिली. आणि लग्न मोडलं. त्याचा फोन आला, "भाऊ, तिला मागं टाका, पार मागं, स्टेपनीजवळ." मी तिला हलवणार तोच तिचाही फोन आला. "मी काहून सरकू? रुमाल माझ्या नावानं हाय. त्याला सरकवा." रिवाजाप्रमाणं तिचं बरोबर होतं. मी त्याला सेकंड शिफ्टच्या गाडीत टाकलं आणि दोघांनाही सांगितलं की समोरचा माणूस हलला. अशी भांडणं सोडवताना मला वाटायचं, आपण ड्रायव्हरही आहोत आणि कंडक्टरही, आणि मला ते आवडायचं.

उशीर मात्र वाढत गेला. पाठीराखे विचारायचे, गेम कुठवर आला? माझं उत्तर ठरलेलं असायचं, "झालं समजा." हे दोन शब्द आपल्या भागात फार चालतात. सुतार, टेलर, गॅरेजवाला, नगरसेवक, सगळे म्हणतात. त्याचा अर्थ काम झालं असा नाही. अजून हात लावलेला नाही, पण तुम्ही काळजी करू नका, असा आहे. म्हणणाऱ्याला ते माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. तरीही ऐकणारा बिनघोर होतो, आणि तो बिनघोर झाला की म्हणणाराही होतो. काम तिथंच राहतं.

आता कडुभाऊंकडं येतो.

कडुभाऊ मी काम करायचो त्याच कारखान्यात पेंट शॉपला होते. मुकुंदवाडीच्या थांब्यावरून चढायचे. उंच, किडकिडीत, हातात स्टीलचा डबा आणि गालात तंबाखूची गोळी. गाडीला उशीर झाला की थांब्यावरची माणसं कुरकुरायची, हजेरी कापली जाणार म्हणून चिडायची. कडुभाऊ काही बोलायचे नाहीत. गाडी आली, दार उघडलं, की पायरीवर एक पाय ठेवून ड्रायव्हरला म्हणायचे, "या नवरदेव, वरात लई उशिरा आली." रोजचंच वाक्य, पण रोज गाडी हसायची. त्यातल्या 'लई'वर ते असा काही जोर द्यायचे, की त्या एका शब्दात थांब्यावरच्या सगळ्यांचा राग निघून जायचा. ड्रायव्हर सलीमभाईचंही उत्तर तयार असायचं. कधी घोडी पंक्चर असायची, कधी बँडवाले आलेले नसायचे.

गेमची कल्पना मी मांडली तेव्हा पहिला रुमाल कडुभाऊंचा पडला. इतरांनी आपापली वाक्यं घरूनच मोबाईलवर बोलून पाठवली. कडुभाऊंना ते जमेना. दोन-तीनदा प्रयत्न करून म्हणाले, "मोबाईलसमोर बोललं की मी तहसीलदारासमोर उभा असल्यावानी होतंय. गाडी समोर आली की आपोआप निघतं. तुम्हीच या थांब्यावर." म्हणून मी सकाळी मुकुंदवाडीला जाऊन उभा राहिलो. सलीमभाईनं गाडी थांबवली, दार उघडलं, कडुभाऊंनी पायरीवर पाय ठेवला आणि ते वाक्य आलं. मागोमाग सलीमभाई, "हौ मामा, घोडीच नक्को बोली आज." मग गाडीभर हसणं. सगळं माझ्या मोबाईलमध्ये उतरलं. घरी येऊन बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "हे एवढं जरी ठेवलं तरी तुमचा गेम झाला." ते बरोबर होतं. गेममधला सगळ्यात जिवंत आवाज तो होता, आणि तो फक्त माझ्याकडं होता.

पुढं काय झालं ते सरळ सांगतो. दिवाळीला गेम देतो असं म्हणून एक दिवाळी गेली होती. दुसरी जवळ आली. लोकांच्या बोलण्याला धार चढली होती. एकानं लिहिलं, "रुमाल घेऊन गाडीवाला पळाला काय?" त्यावर बाकीचे हसले, आणि ते हसणं मला झोंबलं. त्याच सुमारास या धंद्यातल्या एका जाणत्या मित्रानं गेम पाहिला आणि म्हणाला, "आवाज फार ओबडधोबड आहेत." खोटं नव्हतं. कुणाच्या वाक्यामागं पंखा घरघरत होता, कुणाच्या मागं कुकरची शिट्टी, एका बाईंच्या वाक्यात त्यांची सासू "कुणाशी बोलायलीस गं?" म्हणून विचारत होती. प्रत्येक आवाज साफ करून एका पातळीवर आणायला महिने गेले असते. मित्रानं पुण्यातला एक मुलगा आणि एक मुलगी सुचवली, आवाजाचं काम करणारी. सगळ्यांची वाक्यं ती दोघंच बोलून देणार होती.

मी हो म्हटलं. तारखेचा शब्दही शब्दच आहे, तो पाळायचा तर आवाजाचा मोडावा लागेल, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी, की तारीख चुकली की लोक बोंब मारतात आणि आवाज बदलला तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मी जिकडून बोंब येत होती तिकडचा शब्द पाळला.

गेममध्ये प्रत्येक आवाजाची एक फाइल असते आणि तिला नाव असतं. नवी फाइल त्याच नावानं तिथं ठेवली की बाकी कशाला हात लावावा लागत नाही. सोयीचं असतं ते. पुण्याहून आलेले आवाज मी त्याच नावांनी त्याच जागी टाकले. कॉम्प्युटरनं रीतसर विचारलं, आधीच्या काढून त्या जागी या ठेवायच्या का? मी हो दाबलं. तेव्हा मनात वाटत होतं की जुने कुठंतरी असतीलच.

गेम दिवाळीत आला. लोक खूश झाले. माणसं स्वतःला सीटवर बसलेलं बघून फोटो काढून पाठवत होती. आवाजाबद्दल थोडे बोलले, बरेच बोलले नाहीत. पुण्याचा मुलगा चांगला होता, स्वच्छ बोलायचा. इतका स्वच्छ, की कडुभाऊंचं वाक्य त्यानं "या नवरदेव, वरात खूप उशिरा आली" असं केलं होतं. मला ते कळलं होतं. एका शब्दासाठी परत कुठं सांगत बसा, म्हणून मी सोडून दिलं.

कडुभाऊ थांब्यावर भेटले. म्हणाले, "सुनीलभाऊ, गेम झ्याक झालाय. पर माझा आवाज लई गोरा झाला की." थांब्यावरचे सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "पुढच्या अपडेटला तुमचाच टाकतो. झालं समजा."

"मग झालंच," कडुभाऊ म्हणाले.

त्यानंतर कितीतरी सकाळी तो माणूस त्याच थांब्यावर उभा होता, त्याच दारात तेच वाक्य बोलत होता. मी हर्सूलहून गाडीला किक मारून जायचं आणि मोबाईल पुढं धरायचा, एवढंच काम. मी गेलो नाही. नव्या गेमच्या मागं लागलो होतो, त्याचे नवे रुमाल पडायला लागले होते.

एकदा मुकुंदवाडीच्या बाजारात ते समोर आले तेव्हा मलाच लाज वाटली. म्हटलं, चला, आत्ताच बोला, इथंच घेतो. कडुभाऊंनी गळ्यावर हात ठेवला. आवाज पार बसला होता. "आज नको. घसा लई दिवस झाले धरलाय. असल्या खरखरीत आवाजाला नवरदेव पळून जाईल. बरा झाला की करू." मोबाईल माझ्या हातात होता. मी तो खिशात घातला, आणि काम टळलं म्हणून मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तो खरखरीत आवाज घ्यायला हवा होता. तोही त्यांचाच होता.

पुढं बऱ्याच दिवसांनी कडुभाऊंच्या घरच्या, सुमनवहिनी, पत्ता विचारत माझ्या घरी आल्या. "जय भीम, भाऊ," म्हणून आत आल्या आणि खुर्चीच्या कडेला बसल्या. कडुभाऊंचं गळ्याचं ऑपरेशन झाल्याचं त्यांच्याकडून कळलं. स्वरयंत्र काढावं लागलं होतं.

"जीव वाचला, तेच लई झालं," वहिनी म्हणाल्या. "बोलता येत नाय आता. घरात सगळं हातानं नाय तर मोबाईलवर लिहून. मला वाचायला वेळ लागतो, मग चिडतेत."

बायकोनं चहा ठेवला. वहिनी पदराशी चाळा करत होत्या, मग म्हणाल्या, "पोरगी म्हणली, आई, पप्पांचा आवाज त्या गेममधी हाय. घरात दुसरा कुठं नाय बघा. लग्नाच्या व्हिडिओत हायेत, पर वरून बेंजो वाजायलाय. मग तिनं माझ्या मोबाईलमधी गेम घातला. मला कुठं गाडी चालवता येती? चिकलठाण्यातून निघायची आन् दुभाजकावर जायची. पुन्हा पयल्यापासून. किती दिस गेले मुकुंदवाडी यायला. हे दुपारी झोपले की मी खेळत बसायची."

मला पुढचं माहीत होतं.

"मग एकदाची गाडी थांबली. हे चढले. चेहरा त्यांचाच, डबाबी त्यांचाच. आन् बोलायलंय कोण, तर भलताच." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तुमच्याकडं असंल ना भाऊ त्यांचा? तुम्ही थांब्यावर येऊन घेतला होता म्हणत होते."

"असेल वहिनी, बघतो," मी म्हणालो. झालं समजा म्हणायला त्या दिवशी जीभ रेटली नाही.

सगळं उलथंपालथं केलं. जुनी फाइल कुठंच नव्हती. मोबाईल बदलला होता. जपून ठेवायची वेगळी प्रत होती, पण ती प्रत रोज आपोआप नवी व्हायची. मी जे बदललं ते तिनंही इमानानं बदललं होतं. सलीमभाईला गाठलं, गाडीत कुणी कधी कडुभाऊंना मोबाईलवर घेतलं असेल का? सलीमभाईनं इंजिन बंद केलं. "रोज की चीज कौन रिकॉर्ड करता मियाँ? कल भी तो बोलनेवालेच थे मामा."

मग पाठीराख्यांना कळवलं, गेम बाजारात येण्याआधी चाचणीसाठी वाटलेली जुनी प्रत कुणाकडं आहे का? मोबाईल आपसूक नवी प्रत घेतात, त्यामुळं बहुतेकांची जुनी पुसली गेली होती. एकाचं उत्तर आलं, मिशीवाल्या रफिकचं. त्याचा जुना मोबाईल कपाटात पडलेला होता. मी चिकलठाण्याला त्याच्या घरी धावत गेलो. मोबाईल चार्जिंगला लावून आम्ही दोघं समोर बसून राहिलो. रफिकची आई विचारून गेली, कुणाचा फोन यायचाय का. अखेर पडदा उजळला, गेम उघडला, जुनाच होता. मी गाडी मुकुंदवाडीला नेली. दार उघडलं, कडुभाऊंनी पायरीवर पाय ठेवला, आणि माझा आवाज आला, "इथं डायलॉग येणार आहे."

खरे आवाज बसवायच्या आधी जागा धरून ठेवायला आम्ही असं काहीतरी बोलून ठेवतो. ही प्रत त्या दिवसांतली होती. मी सिडकोपर्यंत गाडी नेली. चढणारा प्रत्येक माणूस माझ्या आवाजात तेच सांगत होता. रफिकनं माझ्या हातातून मोबाईल हळूच काढून घेतला.

मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. कडुभाऊ पलंगावर बसले होते, गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. मला बघून हात जोडले आणि ओठ हलवले. काय म्हणाले ते मला कळलं नाही. मी जे होतं ते सांगितलं. तुमचा आवाज माझ्याकडं एकट्याकडं होता आणि माझ्याच हातानं पुसला गेला. पुढच्या अपडेटला तुमचाच टाकतो म्हणालो होतो, तेही केलं नाही. कडुभाऊंनी हवेत हात उडवला, सोडा म्हणून. ते सोडून देतील हे मला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

मग मी एक उपाय पुढं केला. म्हटलं, हल्ली कॉम्प्युटर आवाज तयार करतो. लग्नाच्या व्हिडिओतले दोन-चार शब्द जरी सुटे करता आले, तरी हुबेहूब त्यांच्यासारखा बोलेल.

वहिनींनी विचारलं, "त्यांचा असंल, का त्यांच्यासारखा असंल?"

"त्यांच्यासारखा."

"मग नको भाऊ." त्यांनी कडुभाऊंकडं पाहिलं. नंतर म्हणाल्या, "खरं सांगू का? त्यांचा आवाज मला अजून येतो ऐकू. स्वयंपाक करताना येतो. पर तुमचा गेम मी सारखा सारखा खेळला, आन् आता काय व्हायलंय, आठवाया गेलं की मधीच त्यो दुसरा बोलतोय. तेवढा काढून टाका. दुसरं काय मागत नाय. त्यांना गप बसू द्या."

कडुभाऊ ऐकत होते. त्यांनी मोबाईल घेतला, एक एक अक्षर शोधत लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. 'तोंड हलू द्या. माझं हलतंय.'

त्यांच्याच घरात, त्यांच्या टीपॉयवर लॅपटॉप ठेवून मी ते काम केलं. त्या नावाच्या फाइलच्या जागी आवाज नसलेली फाइल ठेवली. ओठ होते तसे हलते राहू दिले. वहिनींनी मुकुंदवाडीपर्यंत गाडी नेऊन पाहिली. आता त्या सफाईनं चालवत होत्या. दार उघडलं, कडुभाऊ चढले, ओठ हलले. वहिनी म्हणाल्या, "आता ठीक हाय."

बाकीच्या पाठीराख्यांना मी आवाजाचं सगळं लिहून कळवलं. ज्यांनी घरून वाक्यं पाठवली होती त्यांना म्हटलं, पुन्हा पाठवा, पंख्यासकट पाठवा. पुष्कळांनी पाठवली. कुकरची शिट्टी परत आली. त्या बाईंची सासू मात्र आता नव्हती, तिचा प्रश्नही गेला. काहींनी उत्तर दिलं नाही आणि माझ्या नव्या गेमला रुमालही टाकला नाही, ते त्यांचं बरोबरच आहे.

खेळणारे अजून कळवतात की मुकुंदवाडीच्या प्रवाशाचा आवाज येत नाही, बिघाड दुरुस्त करा. मी त्यांना लिहितो की बिघाड नाही. कारण सांगत नाही.

वहिनींसाठी तो दुसरा आवाज मी वेळेत काढला की उशिरा, हे त्यांना विचारायची हिंमत मला झालेली नाही. माझ्यापुरतं मात्र उशिराच झालं. आवाज बदलल्यावर गेम तपासताना मी ती गाडी त्या थांब्यावर किती वेळा उभी केली असेल याची गणती नाही, आणि तो पुण्याचा मुलगा प्रत्येक वेळी बोलला. आता मुकुंदवाडीवरून जाताना कडुभाऊंचं वाक्य आठवतं, शब्द न् शब्द आठवतो, 'लई'सुद्धा. पण ऐकू येतं ते त्या मुलाच्या आवाजात.